कोरा रोल

दवनीवाड्याच्या बसथांब्यासमोर राजदीपचा फोटो स्टुडिओ होता. शाळेतल्या पोरांचे पासपोर्ट फोटो, लग्नं, नामकरणं, आणि कोणी गेलं की घरातून उचलायच्या आधीचा एक फोटो, असा त्याचा धंदा. हात चांगला होता, जीभ त्याहून चांगली. म्हाताऱ्या त्याला सांगत, "बाप्पा, उभीच काढ मले. बसली तं मेल्यावानी दिसते." तो म्हणे, "आजी, हसली तं दोन वर्षं वाढतील तुयी," आणि त्या बोळक्या तोंडाने हसत.

त्याची आई अल्का गावातल्याच प्राथमिक शाळेत शिकवत होती. नवरा लवकर गेला, पोरगा एकच. त्याला यायला उशीर झाला की ती रस्त्याकडे पाहत उभी राही, आणि तो दिसला की आत जाऊन भांडी घासायला बसे, जणू तिचं लक्षच नव्हतं.

२००६ची थंडी. सगळे फोटोवाले डिजिटलकडे पळत असताना राजदीपने नागपूरच्या एका म्हाताऱ्या दुकानदाराकडून जुना रशियन कॅमेरा आणला. आल्या आल्या तो आईच्या हातात दिला, तान्हं मूल द्यावं तसा.

"याच्यात भिंगातून पाहत नाही आई. हे वरची लहान खिडकी आहे ना, तिथं डोळा लाव. समोरचा खांब दोन दिसते का?"

"हाव, दोन."

"आता हे पुढचं कडं फिरव."

दोन खांब एकमेकांकडे सरकले आणि एक झाले. "अई माय!" अल्का म्हणाली, आणि मग पोराचा चेहरा पाहून तिलाही हसू आलं. त्याने बटण दाबलं. आवाज म्हणजे नखाने नख टिचकावं एवढाच.

"पाहिलं? कुत्र्याचाही कान हलत नाही."

महिन्याभराने त्याने मागवलेली लांबचं टिपणारी लेन्स आली. कापूस, त्यावर वर्तमानपत्र, त्यात चामड्याचं गोल घर आणि त्यात ती लांबुडकी लेन्स. राजदीपने आधी चामड्याचा वास घेतला. मग लेन्स उजेडाकडे धरली, फिरवली, फुंकर मारली, पुसली, पुन्हा धरली. ताटातला भात गार झाला.

"हिच्यानं दूरचा माणूस जवळ येते आई. त्याले मालूमही नाही पडत."

"मंग हे फोटो काढणं झालं का चोरी?"

"तू नं, घरीही मास्तरीणच राहून राहिली."

दुकानदाराने त्याला एक गोष्ट बजावली होती. या कॅमेऱ्यात फिल्म खालून सरकवावी लागते, म्हणून तिची पुढची जीभ कात्रीने लांब कापायची. नाहीतर ती आत पकडलीच जात नाही. आणि फिल्म पुढे नेताना डावीकडची चकती फिरते का ते बघायचं. चकती हलली नाही तर फिल्म जागची हलली नाही. राजदीपने हे सगळं आईला सांगितलं, पण सांगताना नजर लेन्सवर होती.

अल्काने कॅमेरा आणि लेन्ससाठी जाड खाकी कापडाची मोठी पिशवी शिवली. आत जुन्या गोधडीचं अस्तर, बाहेर लाल दोऱ्याने ठळक अक्षरं: राज फोटो, दवनीवाडा. हरवली तर कोणी आणून देईल, असा तिचा विचार.

माघात सालेकशाच्या जंगलातली, कचारगडच्या गुहेतली गोंडांची यात्रा आली. लेन्स चालवून पाहायला राजदीपला ती गर्दीच हवी होती. अल्काला मात्र त्याचं जाणं नको होतं. सालेकशाकडचं जंगल त्या वर्षांत चांगलं नव्हतं. जंगलातली बंदूकवाली माणसं गावात येऊन जेवून जात, मग पोलीस येऊन कोण जेवून गेलं ते विचारत. ज्याच्यावर खबऱ्या असल्याचा संशय येई, तो पहाटे रस्त्याच्या कडेला सापडे.

"कोणाचं तोंड काढू नको," ती म्हणाली. "झाडं काढ, गुहा काढ."

"झाडं काढाले एवढी लेन्स कायले पाहिजे आई?"

तो संध्याकाळच्या गाडीने परत आला तो उन्हाने रापून आणि अखंड बोलत. पिवळे दुपट्टे, गुहेत वरून पडणारा उजेड, ढोल. सगळा रोल संपवून आला होता. हात धुता धुता म्हणाला, "एक माणूस भेटला आई. म्हणजे भेटला नाही, दिसला. मोहाच्या झाडाखाली पाच-सहा जणांत बसून जेवून राहिला होता. काय चेहरा होता! लांबून तीन काढले. तिसऱ्याले त्यानं वर पाहिलं."

"तुझ्याकडे?"

"सरळ लेन्समंदी."

"मंग?"

"मंग काही नाही. जेवला."

"आणि बाकीचे?"

राजदीपने हात पुसले. "बाकीचे उठून उभे झाले."

रविवारी दोन माणसं घरी आली. एक फटफटीजवळच थांबला. दुसरा, वयाने मोठा, घडी मोडलेला स्वेटर घातलेला, चपला बाहेर काढून आत आला.

"नमस्ते मॅडम. राज फोटोवाले का घर यही ना? थैली पे नाम पढा था."

अल्काने चहा टाकला. दुसरं काय करावं ते सुचेना.

"कचारगड की फोटो कैसी आई बेटा?"

"अजून धुतलाच नाही रोल. गोंदियाले पाठवाचा आहे," राजदीप म्हणाला.

"अच्छा हुआ. मत भेजो, हमको दे दो. हमारे आदमी को फोटो का शौक नहीं है."

राजदीप उठायच्या आत अल्काने कपाटातून रोलची डबी आणून त्या माणसाच्या हातावर ठेवली. त्याने ती खिशात टाकली, चहा सावकाश संपवला. "देख लेंगे, फिर बात खतम. चाय अच्छी बनी मॅडम." फटफटीचा आवाज विरल्यावर अल्काने तो कप घासला, विसळला, आणि परत घासला.

दोनेक दिवस घर हलकं झालं. राजदीप पुन्हा शीळ घालू लागला. एका नामकरणाची ऑर्डर होती, म्हणून त्याने कॅमेऱ्यात नवा रोल घातला. या वेळी सावकाश, जीभ लांब कापून. फिल्म पुढे नेली आणि त्याचा हात थांबला.

"आई, हे चकती फिरून राहिली."

"फिरलीच पाहिजे ना?"

"कचारगडले फिरली नव्हती. मी पाहिलंच नाही. जीभही कापली नव्हती, लेन्सच्याच नादात होतो." तो बोलता बोलता खाली बसला. "परत गुंडाळतानाही हाताले भार लागला नाही. फिल्म डबीतल्या डबीतच होती."

अल्काला आधी हसूच फुटलं. "म्हणजे त्या माणसाचा फोटोच नाही? सुटलो की रे!"

राजदीप हसला नाही.

"ते रोल धुतील आई. कोरा निघंल. ते म्हणतील, यानं खरा ठेवून घेतला आणि आपल्याले कोरा दिला."

अल्काने तेव्हाच त्याला घराबाहेर काढलं. नागपूरला तिची बहीण दीप्ती होती. राजदीप नाही नाही म्हणत होता. "मी पळालो तं त्यायले खरंच वाटंल."

"वाटू दे. तू दिसला नाही पाहिजे." हाताला लागली त्या पिशवीत तिने त्याचे कपडे कोंबले आणि आलेल्या पहिल्या बसमध्ये त्याला चढवलं. कॅमेरा ठेवून घेतला.

मग तिने शाळेत रजा टाकली आणि रोज स्टुडिओत जाऊन बसू लागली, काउंटरवर कॅमेरा आणि कात्री घेऊन. स्वेटरवाला माणूस आला तेव्हा दुपार होती. त्याने खिशातून धुतलेली फिल्म काढली, काचेसारखी आरपार, आणि काउंटरवर पसरली.

"ये क्या है मॅडम?"

अल्काने वर्गात शिकवावं तसं शिकवलं. एक वाया गेलेला रोल घेतला. आधी आखूड जीभ घालून फिल्म पुढे न्यायची कळ फिरवली. "बघा, चकती हलत नाही." मग जीभ लांब कापली, पुन्हा घातला, फिरवली. "आता बघा." माणूस वाकून बघत होता. त्याने स्वतःही फिरवून पाहिलं.

"समझा," तो म्हणाला. "बात सच लगती है."

अल्काने कितीतरी दिवसांनी पोटभर श्वास घेतला.

त्याने कॅमेरा उचलला, खिडकीला डोळा लावला आणि तिच्याकडे रोखला. "इसमें तो दो-दो दिखते हो आप."

"कडं फिरवा. एक होते," ती सवयीने बोलून गेली.

त्याने कडं फिरवलं. फिरवता फिरवता हात स्थिर झाला. टिक.

"ये सब लडका खुद समझाता तो अच्छा रहता," तो कॅमेऱ्यामागून म्हणाला. "सच्चा है तो भागा काय को? नागपूर में किसके यहाँ है?"

नागपूरचं नाव अल्काने गावात कोणालाच सांगितलं नव्हतं. तिची नजर भिंतीकडे गेली. घाईत कपडे कोंबले ती पिशवी तिला आठवली. स्टुडिओत आला की राजदीप ती लाल अक्षरांची खाकी पिशवी जिथे टांगायचा, तो खिळा रिकामा होता.