देवळीतली कपबशी

आमच्या विधानसभा मतदारसंघाचा इतिहास मला आकड्यांत सांगता येणार नाही. कोण कधी पडला, कुणाची अनामत गेली, हे पारावर बसणाऱ्यांना जास्त ठाऊक. मला आठवतात त्या वस्तू. मतदानाच्या दिवशी सकाळी वडील स्वयंपाकघराच्या देवळीत ठेवायचे त्या.

वडूजच्या पूर्वेला, कोरड्या अंगाला आमचं गाव. वडिलांचं निम्मं आयुष्य मेंढरांमागं गेलं. एकदा वनखात्यानं त्यांचा कळप अडवून ठेवला, तेव्हा तालुक्याचा एक पुढारी स्वतः आला आणि मेंढरं सोडवून गेला. वडिलांनी तेवढ्यावर घरातली सगळी मतं जन्मभरासाठी त्याला देऊन टाकली. आईला वाचता येत नव्हतं, चुलतीलाही नाही. म्हणून वडिलांनी रीत घातली. ‘आपल्या माणसा’चं जे चिन्ह असेल ती वस्तूच भिंतीतल्या देवळीत ठेवायची. बायकांनी चूल पेटवताना ती नीट बघायची आणि शाळेतल्या केंद्रावर जाऊन तसलंच चित्र शोधायचं.

माणूस एकच राहिला, वस्तू बदलत गेल्या. कधी तो पक्षातून बाहेर पडला, कधी पक्षानं त्याला बाहेर काढलं. देवळीत एकदा छत्री आली, एकदा नारळ. एका निवडणुकीत चिन्ह निघालं शिलाई मशीन. गावात मशीन एकच, आमच्या शेजारच्या मुसलमान शिंप्याचं, आणि तो पक्का विरोधी गटातला. वडील त्याच्याकडं गेले.

शिंपी म्हणाला, “मशीन न्या आप्पा. पण तेवढ्यात माझ्या लेंग्याला टीप मारून आणा.”

ते मशीन देवळीत मावेना. मग चुलीसमोरच ठेवलं, आणि आईनं त्या दिवशी भाकरी बाहेर अंगणात थापल्या.

पुढं हद्दी बदलल्या. आमची गावं तालुक्यातून तोडून पलीकडच्या मतदारसंघाला जोडली. प्रचाराच्या गाड्या आता उसाच्या मुलखातून यायच्या आणि त्यातली माणसं आमच्या वाडीचं नावसुद्धा चुकीचं घ्यायची. तो पुढारी वारला, त्याचा मुलगा ह्या नव्या मतदारसंघातूनच उभा राहू लागला. वडील गेले आणि देवळी माझ्याकडं आली.

मी त्या मुलाच्या संस्थेच्या शाळेत कारकून आहे. हे आधीच सांगितलेलं बरं. निवडणूक आली की संस्थेतल्या प्रत्येकाला विचारतात, “घरातनं किती?” मीही सांगतो. माझी बायको बारावी शिकलेली आहे, रोज पेपर वाचते. तरी लग्नापासून दर मतदानाला मी तिच्यासाठी देवळीत वस्तू ठेवत आलो. तिनं कधी काही विचारलं नाही, आणि ती विचारत नाही म्हणजे तिला पटतं, असं मी धरून चाललो. ते मला सोयीचं होतं.

मागच्या निवडणुकीत पुढाऱ्याचा तो मुलगा अपक्ष उभा राहिला. चिन्ह कपबशी. पंच्याऐंशी ओलांडलेल्यांचं मत घरी येऊन घेणार होते, त्यात आईचं नाव होतं. तिच्या डोळ्यांना आता धुरकट दिसतं. आमच्या घरात स्टीलचे पेले, म्हणून मी वडूजच्या बाजारातून पांढरी, निळ्या काठाची कपबशी आणली. आठवडाभर आधीच देवळीत ठेवली. रोज आईचा हात धरून कपबशीवर फिरवायचो.

“ध्यानात ऱ्हाईल न्हवं?” मी विचारायचो.

“कप हाय रं, मंतर हाय व्हय इसरायला?” आई म्हणायची. “आन् नुसतं चाचपायला का लावतोस? त्यात च्या तरी दे.”

शेवटच्या दिवशी ती म्हणाली, “दुसरी कोण कोण उभी हायती?”

“हायती चार-दोन. तुला काय करायचंय?”

तिनं हात मागं घेतला. मलाही तिथं थांबायला पाहिजे होतं. मी थांबलो नाही, तिचा हात परत कपबशीवर नेला.

दुसऱ्या दिवशी पथक आलं. अधिकारी म्हणून एक शिक्षिका, बरोबर एक मदतनीस, चित्रण करणारा आणि पोलीस. उमेदवारांचे प्रतिनिधीही आले होते. विरोधी उमेदवाराचा प्रतिनिधी त्या शिंप्याचा मुलगा. माझ्याच वयाचा, लहानपणापासूनचा सोबती. उंबऱ्यातूनच त्याची नजर देवळीवर गेली.

“बाई, ती कपबशी आदी उचलाय सांगा. परचार हाय त्यो.”

“आता च्या पिणं बी परचार व्हय रं?” आई खाटेवरून म्हणाली.

“तुमच्याकडं च्या पेल्यात असतोय काकी. जलमभर पितोय मी.”

सगळे हसले, पोलीससुद्धा. बाई मात्र हसल्या नाहीत. “काढा ती तिथून,” म्हणाल्या. मी कपबशी उचलली. ठेवायला जागा सुचेना, म्हणून हातातच धरून उभा राहिलो.

पुठ्ठ्याचा आडोसा मांडला. बाईंनी मतपत्रिका उलगडली. कागदावर चिन्हंच नव्हती. नाव, फोटो आणि पक्ष, एवढंच. टपाली मतपत्रिका अशीच असते, हे मला, शाळेच्या कारकुनाला, ठाऊक नव्हतं. आठवडाभर आईच्या बोटांना जे शिकवलं ते त्या कागदावर कुठंच नव्हतं.

बाई म्हणाल्या, “आजी, तुम्हाला दिसत नसेल तर तुमच्या पसंतीचं एक माणूस बरोबर घेता येतं. ते तुम्ही सांगाल तिथं खूण करील. पण कुणाला बोलणार नाही, अशी त्याला सही करावी लागते.”

मी पुढं सरकलोच होतो. मनात म्हणालो, बरंच झालं. खरं सांगायचं तर मी पेनसुद्धा खिशातून काढलं होतं. आईनं वेगळं नाव घेतलं असतं तर मी कुठं खूण केली असती? हा प्रश्न मी स्वतःला बऱ्याचदा विचारलाय. उत्तर मला माहीत आहे, आणि ते सांगण्यासारखं नाही.

आई म्हणाली, “ह्यो नगं.”

“तुमचा मुलगाच आहे ना?”

“व्हय, लेकच हाय. पण ह्येचं आदीच ठरल्यालं हाय. सूनबाईला बलवा.”

बायको पदराला हात पुसत आली. माझ्याकडं बघितलं नाही. कागद सावकाश वाचून सही केली, आईला धरून आडोशामागं नेलं. आतून कुजबुज ऐकू येत होती. ती एकेक नाव वाचत होती, आई मधेच काही विचारत होती. एकदा दोघी हसल्या. बराच वेळ लागला. मी अंगणात गेलो. शिंप्याचा मुलगा शेजारी येऊन उभा राहिला. माझ्या हातातल्या कपबशीकडं बघून काहीतरी बोलणार होता, पण बोलला नाही. त्याबद्दल मी त्याचा आभारी आहे.

पाकिटं बंद झाली, पथक गेलं. दुसऱ्या दिवशी शाळेत विचारलं, “आईचं झालं का?” मी “झालं” म्हणालो. तेवढं तर खरं होतं.

घरी आल्यावर मला राहवलं नाही. बायकोला विचारलं, “कुणाला दिलं गं?”

“सही केलीय मी,” ती म्हणाली आणि पीठ मळत राहिली.

काही दिवसांनी आमच्या मतदानाची सकाळ आली. मी कपबशी फडताळातून काढली. देवळीपर्यंत गेलो आणि परत फिरलो. ती घासून पेल्यांशेजारी पालथी घातली. बायको चहा टाकत होती. रिकाम्या देवळीकडं तिनं एकदा बघितलं.

“आवं, ह्यातच ओतू का आत्यास्नी?” तिनं विचारलं.

“ओत,” मी म्हणालो.

आईनं कप दोन्ही हातांत धरला आणि बशी मला परत दिली. मग बायको चप्पल घालून एकटीच केंद्राकडं निघाली. मी तिच्याबरोबर गेलो नाही. ती परतल्यावर गेलो.