रावजींची निळी सोलकढी

नाते गावचे रावजी सकपाळ महाडच्या एमआयडीसीतून रिटायर झाले आणि गावावर रसायनशास्त्राची कृपा झाली. कारखान्यात त्यांचं काम एवढंच, की आम्लाच्या सांडपाण्यात चुना सोडायचा, लिटमसची पट्टी बुडवायची, लाल झाली तर आणखी चुना. एवढ्या भांडवलावर गृहस्थ जगाचं आम्ल मारायला निघाले. कुणी ढेकर दिली की हे सोडा घेऊन हजर. शेजाऱ्याच्या भातखाचरात न विचारता चुना टाकून आले. मी रसायनशास्त्राची पदवीधर. पण बायकांचं शास्त्र लोणच्यापुरतं, असं त्यांचं ठाम मत.

मागच्या वैशाखात त्यांच्या मुलीला, निशिगंधाला, बघायला उमरठचे पाहुणे आले. मुलगा तिनं स्वतःच पसंत केलेला; त्याची आई, सोनाबाई, तेवढी राजी व्हायची होती. मी शेजारीण म्हणून मदतीला गेले होते. रावजींच्या बायकोनं, ललितानं, सोलकढी केली. जरा आंबट झाली.

"नारळाचं दूध वाढव गो," मी म्हटलं.

"बाई, तुम्ही बसा. ही माझी लाईन हाय," म्हणत रावजींनी पट्टी बुडवली. लाल! गुलाबी कढीत बुडवल्यावर दुसरं काय होणार? घातला सोडा. फसफसली. पुन्हा पट्टी, पुन्हा सोडा. कोकमाचा रंगच मुळी लिटमससारखा बदलतो, हे पातेल्यात बघितलं असतं तरी कळलं असतं. पण शास्त्रज्ञांचे डोळे पट्टीवर. कढी जांभळी झाली, मग राखाडी-निळी.

नेमक्या तेव्हाच सोनाबाई हात धुवायला आत आल्या. "ह्ये काय? शाई?"

ललितानं पदर तोंडाला लावला. निशिगंधा पांढरीफटक पडली, पण म्हणाली, "बाबांनी सोडा घातलाय. पिऊ नका."

"काय होत नाय!" रावजी म्हणाले. "आम्ल आणि अल्क मिळून क्षार नि पाणी. सायन्स हाय."

"मग तुम्हीच प्या की," सोनाबाई म्हणाल्या.

प्याले बिचारे. चेहऱ्यावरून अल्काची चव तुरट-साबणासारखी असते, हे सगळ्यांना एकदम समजलं. सोनाबाई हसून हसून भिंतीला टेकल्या.

"पोरगी खरं बोलते, मला पसंत हाय. पण लग्नात ह्यांना आचाऱ्याजवळ फिरकू द्यायचं नाय. कबूल?"

"निदान पाण्याचा पीएच तरी..."

"बाबा!"

रावजींनी पट्टी खिशात घातली. शास्त्राचं अतोनात नुकसान झालं. पोरीचं लग्न तेवढं ठरलं.