पांढऱ्या कागदाचा रविवार

आमच्या ख्रिस्ती मंडळीला स्वतःचं देऊळ नाही. जुईनगरमधल्या एका शाळेचा हॉल दर रविवारी सकाळी आम्हाला मिळतो. बाकांवर मुलांनी कंपासच्या टोकाने कोरलेली नावं, फळ्यावर शनिवारचा अर्धवट पुसलेला भूगोल, आणि त्याच्यापुढे आमची उपासना. नगर, जालना, श्रीरामपूरकडून नोकरीधंद्यासाठी आलेली आम्ही चाळीसेक घरं आहोत. एकमेकांना भेटलो की सलाम म्हणतो आणि लगेच कुणाच्या तरी तक्रारी सांगायला लागतो.

नाताळच्या आधीच्या रविवारी आमच्याकडे भेटी देतात. ही पद्धत कुणी सुरू केली ते आता कुणाला आठवत नाही, पण तिचे नियम मी झोपेतून उठवलं तरी म्हणून दाखवीन, कारण गेली नऊ वर्षं ते पाळायला लावण्याचं काम माझ्याकडे आहे. आगमनकाळाच्या, म्हणजे नाताळाआधीच्या चार आठवड्यांच्या, पहिल्या रविवारी प्रत्येक घराने एक चिठ्ठी घ्यायची. चिठ्ठीच्या दोन्ही टोकांना एकच नंबर असतो. आपल्याला काय हवं ते एका अर्ध्यावर लिहायचं, चिठ्ठी मधोमध फाडायची, कोरा अर्धा भाग जवळ ठेवायचा आणि लिहिलेला भाग बिस्किटाच्या पत्र्याच्या डब्यात टाकायचा. नाव लिहायचं नाही. मग डबा चांगला हलवून प्रत्येक घराने त्यातली एक चिठ्ठी उचलायची आणि तिच्यावरची वस्तू तीन आठवड्यांत आणायची, पांढऱ्या कागदात गुंडाळून, वर फक्त नंबर टाकून. चमकीचा कागद चालत नाही, रिबीन चालत नाही.

आणि चिठ्ठी सगळ्यांनीच लिहायची. ज्याला काही नको त्यानेही. फक्त गरजूंनी लिहिली तर रांगेत कोण उभं आहे ते अख्ख्या हॉलला दिसेल. म्हणून बँकेतून रिटायर झालेले आमचे खजिनदार 'हातरुमाल' लिहितात, चार घरची भांडी घासणारी एक बाई 'कुकर' लिहिते, आणि दोघं पांढरी पुडकी घेऊन एकाच दारातून बाहेर पडतात. मी दरवर्षी 'निळं पेन' लिहायचे. माझ्या ड्रॉवरमध्ये आठ निळी पेनं पडून होती.

यातला एक नियम मात्र खास माझा. कारण लिहायचं नाही. एका वर्षी कुणीतरी 'सुनेने माझी चादर घेतली म्हणून चादर' असं लिहिलं, आणि मंडळीतल्या चार सुना नाताळ संपेपर्यंत एकमेकींकडे बघेनात. तेव्हापासून मी डब्याजवळ उभी राहून बजावते, वस्तू लिहा, कहाणी नको. लोक मला मागे हेडमास्तरीण म्हणतात हे मला माहीत आहे.

ही गोष्ट मागच्या नाताळातली. त्या वर्षी जूनपासून माझ्या नवऱ्याचं डायलिसिस सुरू झालं होतं. मंगळवार, गुरुवार, शनिवार. सकाळी सातला मशीनला लावतात, अकराला सोडतात. सुटल्यावर बीपी इतकं खाली जातं की जिना उतरताना कुणालातरी दंड धरावा लागतो, आणि घरचं माणूस बाहेर बसलेलं हवंच, असं सेंटरवाल्यांनी पहिल्या दिवशीच सांगितलं होतं. घरचं माणूस म्हणजे मी. मुलगी नागपूरला, तिचं बाळ चार महिन्यांचं. ह्यांना घरी आणून, दोन घास भरवून, झोपवून मी बेलापूरला ऑफिस गाठेपर्यंत एक वाजायचा. आधी हक्काची रजा संपली, मग आजारपणाची, मग साहेबांची सहनशक्ती. नोव्हेंबरात मला आत बोलावून सांगण्यात आलं, "मॅडम, डिसेंबर कसाबसा काढू. जानेवारीपासून रोज साडेनऊला जमणार असेल तरच बघा." नोकरी गेली असती तर ऑफिसच्या मेडिक्लेमवर चाललेलं डायलिसिसही गेलं असतं. म्हणजे ह्यांच्याजवळ बसायचं तर उपचार बंद, आणि उपचार चालू ठेवायचे तर ह्यांच्याजवळ बसायचं नाही.

हे मी कुणालाही सांगितलं नाही. ह्यांना तर नाहीच. सांगितलं असतं तर ते म्हणाले असते, मी एकटा रिक्षाने जाईन, आणि गेलेही असते. मंडळीत सांगायचं तर माझी जीभ रेटेना. नऊ वर्षं मी टेबलाच्या पलीकडे उभी राहून इतरांना देत होते. अलीकडे येऊन हात पसरायची मला सवय नव्हती, आणि खरं सांगायचं तर लाजही वाटत होती.

त्या रविवारी चिठ्ठी समोर ठेवली आणि सवयीने 'निळं पेन' लिहायला गेले. एकदम माझा मलाच राग आला. काय करायचंय आणखी एक पेन? रागाच्या भरात लिहिलं, 'मंगळवार, गुरुवार, शनिवार.' एवढंच. नंबर एकोणतीस. फाडली, डब्यात टाकली, आणि टाकल्याबरोबर वाटलं, हा काय वेडेपणा केला आपण. पण टाकलेली चिठ्ठी परत काढायची नाही, हाही माझाच नियम.

डबा फिरला. आमच्यातले एक मास्तर आहेत, सत्तरी ओलांडलेले, बायको गेल्यापासून एकटेच राहणारे. त्यांनी चिठ्ठी उचलून वाचली, चष्मा काढून पुसला, पुन्हा वाचली आणि घडी घालून खिशात ठेवली. मला वाटलं, कुणीतरी पुन्हा कहाणी लिहिलेली दिसते.

पुढचे तीन आठवडे मंडळीत काहीतरी शिजत होतं. उपासना सुटली की मास्तर या बाकाजवळ वाक, त्या बाकाजवळ वाक, आणि मी जवळ गेले की सगळे गप्प. एकदा तर आमचे हेसुद्धा त्यांच्याशी कुजबुजताना दिसले आणि मला बघून दोघंही पंख्याकडे बघायला लागले. मी मनात म्हटलं, माझ्याविरुद्ध तक्रार चाललीय, नवीन वर्षात टेबल काढून घेणार माझ्याकडून. घेऊ देत.

पांढरा कागद आम्ही बाजारातल्या एका स्टेशनरीवाल्या चाचांकडून घेतो. ते मूळचे उरणकडचे. डिसेंबर लागला की आमच्यासाठी तावांचा गठ्ठा बाजूला काढून ठेवतात. त्यांच्याकडे गेले तर म्हणाले, "तुमचे मास्तर कालच येऊन गेले, ताई. तुमी टेन्शन नका घेऊ."

"कसलं टेन्शन?"

"कागदाचं वो," ते म्हणाले आणि उगाचच काउंटर पुसत राहिले.

भेटींचा रविवार आला. हॉलमध्ये बांबूच्या काड्यांची चांदणी टांगलेली, खाली टेबलावर पांढरी पुडकी. लहान, मोठी, चौकोनी, एक तर सरळसरळ बादलीच, पण पांढऱ्या कागदातली. सगळे रांगेने आले, अर्धी चिठ्ठी दाखवून आपापलं पुडकं घेऊन गेले. शेवटी एकोणतीस नंबर उरला. चपलांच्या खोक्याएवढं पुडकं होतं. उचललं तर वजनच नाही. हलवलं तर आत नुसती सळसळ.

वाटलं, माझी चिठ्ठी ज्याला मिळाली त्याने चेष्टा समजून रिकामं खोकं गुंडाळलं. बरोबरच आहे, वार कुणी खोक्यात भरून देतं का? मास्तर दारात रेंगाळत होते. कोण काय घेऊन गेलं तेच बघत असावेत. एकोणतीस माझ्या हातात बघून ते एकदम थबकले. मी त्यांना सलामसुद्धा न करता घरी निघून आले.

जेवण झालं, हे आडवे झाले. मी स्वयंपाकघरात करंज्यांचं सारण भाजून गॅस बंद केला आणि तेव्हा कुठे ते पुडकं उघडलं. आत चिठ्ठ्या होत्या. वहीच्या पानाच्या, कॅलेंडरच्या मागच्या बाजूच्या, एक तर औषधाच्या खोक्याच्या पुठ्ठ्यावर. वर मास्तरांचं वळणदार अक्षर: 'आपल्याला हे वार कशासाठी हवेत ते लिहिलेलं नाही, आणि विचारायचं नाही असा नियम आहे. चिठ्ठीतलं इतरांना सांगायचं नाही असाही नियम असावा, तो मी मोडला. एकट्याकडून तीन वार झाले नसते. खाली ज्यांचे फोन नंबर आहेत त्यांना फक्त वेळ आणि जागा सांगावी. माझे सगळे मंगळवार आपले. ओझं उचलता येत नाही, बाकी सांगाल ते.'

मी खाली लादीवर बसले आणि एकेक वाचायला लागले. नावं नव्हती, पण इतक्या वर्षांची अक्षरं मला ओळखता येतात.

'पहिला आणि तिसरा गुरुवार. त्या दिवशी दोन घरं सोडीन. लादी, भांडी, म्हातारं माणूस, काय पण चालंल.' ही कुकरवाली बाई.

'दुसरा गुरुवार. रक्त बघावं लागलं तर मला चक्कर येते, एवढं आधी कळवावं. तरी येईन.' हे हातरुमालवाले खजिनदार.

'शनिवार. आम्ही तिघं पाळीपाळीने. बाईक आहे. बाईक चालणार नसेल तर मित्राची गाडी आणू.' तरुण संघ.

'चौथा गुरुवार. उलव्याहून येते, सहाला निघाले तर सातला जुईनगरात पोचेन.' हिच्या पदरात दोन लहान मुलं आहेत, आणि ही सहाला निघणार होती.

'शनवारी दुकान भाऊ बघतो. मी येईन. गाडी हाय.' हा चाचांचा पुठ्ठा होता. आमच्या मंडळीचे नव्हेत, आमच्या धर्माचे नव्हेत. मास्तर कागद घ्यायला गेले तेव्हा गोष्ट निघाली असणार, आणि त्यांनीही आपला शनिवार काढून दिला.

एकोणीस चिठ्ठ्या होत्या. कशासाठी, कुणासाठी, किती दिवस, हे यातल्या एकालाही ठाऊक नव्हतं. त्यांना म्हातारीची घाण काढायला लागली असती, वेड्या माणसाजवळ बसायला लागलं असतं, माझ्यासारख्या तिरसट बाईच्या घरी जायला लागलं असतं. तरी एकानेही अट घातली नव्हती. चक्करवाल्यानेसुद्धा नाही. मला रडू आलं असं लिहिलं तर ते खोटं होईल. मला भीती वाटली. येशूच्या जन्माची बातमी देवदूताने ज्यांना सांगितली त्या मेंढपाळांची गोष्ट मी लहानपणापासून ऐकत आलेय, शब्बाथ शाळेत, मुलांच्या रविवारच्या वर्गात, शिकवलीही आहे. चांगली बातमी ऐकून ते आधी घाबरले कशाला, हे मला कधी समजलं नव्हतं. त्या दुपारी लादीवर बसून समजलं. एवढं मोठं काहीतरी आपल्या घरात येऊन उभं राहिलं की माणूस आधी घाबरतोच.

आजवर त्यातली एकही चिठ्ठी खोटी ठरलेली नाही. माझी नोकरी आहे, ह्यांचं डायलिसिस चालू आहे, आणि खजिनदार अजून एकदाही चक्कर येऊन पडलेले नाहीत. पण हे पुढचं झालं. त्या दुपारी तळाशी एक चिठ्ठी वाचायची राहिली होती.

ती उलगडली आणि अक्षर लगेच ओळखलं. थोडं थरथरलेलं, डावीकडे कललेलं. बत्तीस वर्षं किराणाच्या यादीवर मी हेच अक्षर बघत आलेय.

'हे वार डायलिसिसचे वाटतात. तसं असेल तर मीही त्याच वारांचा आहे. मला कुणाची ने-आण करता येणार नाही. पण दुपारी तीननंतर मला जरा बरं वाटतं. पेशंट नवीन असेल तर घाबरलेला असेल, त्याच्याशी फोनवर बोलीन. त्याच्या घरच्या माणसाशीही बोलीन. त्रास जास्त त्यांनाच होतो, आणि ते बोलून दाखवत नाहीत.'

खाली आमचाच फोन नंबर.

मी ती चिठ्ठी घेऊन आतल्या खोलीत गेले. हे जागेच होते. त्यांच्या हातात दिली. त्यांनी बघितली, मग माझ्याकडे बघितलं.

"ही तुझ्याकडे कशी?"

"एकोणतीस नंबर माझा."

"वार तेच आहेत हे लक्षात आलं होतं गं," ते म्हणाले. "पण तू काही मागशील हे डोक्यातच आलं नाही." मग हळूच विचारलं, "रजा संपली?"

"ऑक्टोबरातच."

त्यांनी माझं मनगट धरलं. त्यांचा तो फिस्टुलाचा हात, जिथे मशीनच्या सुया टोचतात. तिथल्या शिरेत सारखी एक थरथर असते, ती माझ्या हातापर्यंत आली. भिंतीवरच्या घड्याळात सव्वातीन झाले होते. मी खुर्ची ओढून पलंगाजवळ बसले.

"तीन वाजून गेलेत," मी म्हटलं. "लिहिलंय ना, घरच्या माणसाशी बोलीन म्हणून? बोला."

डोळे पुसत ते हसले. "आज रविवार आहे," म्हणाले, "मी मंगळवारपासून कबूल केलंय."

आणि मग संध्याकाळपर्यंत बोलत राहिले.