दसऱ्याचा ड्राफ्ट

युसूफभाईंनी ड्राफ्ट माझ्या टेबलावर ठेवला आणि विचारलं, "मॅडम, आजच जमा व्हईल ना? नांदेडला पैसे भरायचेत."

दसऱ्याची सुट्टी संपून शाखा नुकतीच उघडली होती. मी तेव्हा हिंगोलीच्या एका बँकेत ऑफिसर होते. युसूफभाई गोरेगावचे, गोरेगाव ते हिंगोली जीप चालवायचे, आमचे जुने खातेदार. त्यांच्या बायकोच्या, शाहेदाबींच्या, हृदयाची झडप खराब झाली होती. नांदेडच्या खासगी दवाखान्यात पैसे भरले की ऑपरेशनची तारीख मिळणार होती. सरकारी योजनेचं कार्ड तिथे चालत नव्हतं. म्हणून त्यांनी जीप विकायला काढली होती, आणि हा ड्राफ्ट त्या जीपचा होता.

"गाडी कुठंय?" मी विचारलं.

"दिली की काल."

माझं डोकं तिथेच तापलं. बँक बंद असताना गाडी दिली आणि उघडल्यावर कागद दाखवायला आले. पण त्यांच्या तोंडाकडे बघून मी जीभ आवरली.

ड्राफ्ट म्हणजे काय, ते सांगते. चेक देणाऱ्याच्या खात्यात पैसे नसले तर चेक परत येतो. ड्राफ्टचं तसं नसतं, कारण बँक आधी पैसे घेते आणि मगच ड्राफ्ट लिहून देते. त्यामुळे लोक ड्राफ्टला नोटेसारखं मानतात. पण शेवटी तोही कागदच, आणि कागद खोटा असू शकतो. ज्या शाखेने तो काढला, तिने होकार दिल्याशिवाय त्यावर विसंबू नये.

नोटा तपासायच्या जांभळ्या दिव्याखाली मी तो ड्राफ्ट धरला. रकमेच्या जागी कागद वेगळाच चमकत होता. कुणीतरी आधीची अक्षरं औषधाने धुऊन नवी लिहिली होती. तरी खात्री हवी म्हणून मी संभाजीनगरच्या त्या शाखेला फोन लावला. तिकडच्या माणसाने नंबर तपासला. त्या नंबरचा ड्राफ्ट त्यांनी खरंच काढला होता, पण कुठल्याशा परीक्षेच्या फीचा, किरकोळ रकमेचा.

फोन ठेवून मी युसूफभाईंना सगळं सांगितलं. असं सांगताना फिरवून बोलू नये, माणूस उगाच आशेवर राहतो. मी पाण्याचा ग्लास पुढे केला.

मग थोडं थोडं करून कळलं. गिऱ्हाईक गोड बोलणारं होतं. भावात घासाघीस केली नाही. गाडी दसऱ्यालाच न्यायची म्हणून हटून बसलं आणि सोबत म्हाताऱ्या आईला घेऊन आलं. म्हातारीने बॉनेटवर स्वस्तिक काढलं, नारळ फोडला, युसूफभाईंच्या हातावर आपट्याची पानं ठेवली. ट्रान्सफरच्या फॉर्मवर सह्याही तेव्हाच झाल्या.

"एक दिवस थांबा म्हणायचं नाही का?" मी अखेर विचारलंच.

"कसं म्हणू मॅडम? मुहूर्त त्यांचा व्हता. माझ्यासारख्यानं त्यांच्या सणाला खोटं ठरवायचं का? गावात आमी पिढ्यान् पिढ्या सोबत राहिलो. म्हातारीसमोर तोंडच उघडलं न्हाई."

ते भोळे नव्हते, वीस गावची माणसं रोज गाडीत बसवणारा माणूस भोळा कसा असेल? त्यांनी दुसऱ्याच्या सणाचा मान ठेवला होता, आणि चोराला नेमकं ते ठाऊक होतं.

आम्ही आधी पोलीस ठाण्यात गेलो, मग आरटीओत अर्ज दिला. गाडी दुसऱ्याच्या नावावर चढू नये यासाठी तो लागतो. गाडी कुणाच्या नावावर चढली नाही, तेवढं बरं झालं. ती दोन जिल्हे पलीकडे एका ढाब्यामागे सापडली, नंबरप्लेट बदललेली. गिऱ्हाईक मात्र हातावर तुरी देऊन गेलं ते गेलंच.

सापडलेली गाडी लगेच घरी येत नाही. ती पुरावा असते. कोर्टाने हमीपत्र लिहून घेऊन सोडेपर्यंत ती ठाण्याच्या आवारात धूळ खाते. तेवढ्या काळात लाइनवरच्या जीपवाल्यांनी वर्गणी काढली, पण ती औषधांनाच पुरली. शेवटी शाहेदाबींचं नाव संभाजीनगरच्या सरकारी दवाखान्यात लावलं. तिथे रांग मोठी होती. नंबर यायच्या आत, रमजानच्या तोंडावर, त्या गेल्या.

गाडी त्यानंतर सुटली. युसूफभाईंना ती आता चालवायची नव्हती. हट्टा गावचा एक शेतकरी गिऱ्हाईक म्हणून मिळाला, सरळ माणूस. तो म्हणाला, "चाचा, आधी पैसे तुमच्या खात्यात पडू द्या, मंग किल्ली द्या." आमच्याच शाखेत येऊन त्याने आरटीजीएस केलं, म्हणजे त्याच्या खात्यातून थेट यांच्या खात्यात. व्यवहार कसा करावा याचा तो नमुनाच होता.

त्या दिवशी सिस्टिम रेंगाळत होती. मी युसूफभाईंना म्हटलं, बाहेर चहा घेऊन या, पैसे दिसले की फोन करते.

"बसतो की मॅडम," ते म्हणाले. "आता मला कसली घाई हाय?"

पैसे जमा झाले. त्यांनी खिशातून किल्ली काढून त्या शेतकऱ्याला दिली, सलाम केला आणि गोरेगावच्या दुसऱ्या कुणाच्या तरी जीपमध्ये मागच्या सीटवर बसून गेले. मी त्या दिवशी जेवले नाही.

गाडी विकणाऱ्यांना मी एकच सांगत आले. पैसे खात्यात दिसेपर्यंत किल्ली आपल्याच खिशात ठेवा, मग दसरा असो की पाडवा, समोर कुणाचीही आई उभी असो. माणसं रुसतील. रुसवा नंतर काढता येतो.