न्यूट्रल आहे ना?

आमच्या काकांना सगळे सेल्फवाले म्हणत. किल्ली फिरवल्यावर इंजिनाला पहिला हिसका देते ती मोटर म्हणजे सेल्फ. ती रुसली की माणसं काकांकडे धावत. गाडी नुसती टकटकते की कण्हते, एवढं ऐकून ते दोष बॅटरीचा की वायरीचा हे सांगत. स्वभाव मात्र खाष्ट. बॉनेटमध्ये हात घालण्याआधी विचारणार, "न्यूट्रल आहे ना?" मालक हो म्हणाला तरी स्वतः जाऊन गिअरचा दांडा हलवून बघणार. "माणूस सवयीने हो म्हणतो," असं त्यांचं म्हणणं.

त्यांच्या स्वतःच्या जीपचा हँडब्रेक मात्र कित्येक वर्षं निकामी होता. काकू सांगून सांगून थकली. काकांचं एकच, "ते मेकॅनिकचं काम. मी वायरीतला माणूस." मग काकू जीप लावताना पहिल्या गिअरमध्ये ठेवूनच उतरू लागली.

त्या सकाळी जीप अंगणात भिंतीकडे तोंड करून उभी होती आणि किल्ली फिरवली की नुसतं टक वाजे. बॅटरी चांगली होती. काकांनी बाजूने वाकून सेल्फच्या दोन बोल्टांवर स्क्रू ड्रायव्हर आडवा टेकवला आणि किल्लीशिवाय थेट करंट दिला. जीप ढिम्म. पुन्हा दिला, तरी ढिम्म. घरचीच गाडी, त्यात मेलेली. न्यूट्रलचं त्यांनी विचारलं नाही. "सेल्फवाल्यांचाच सेल्फ लागेना!" म्हणून मी त्यांना चिडवत होतो. तेवढ्यात काकू त्यांच्यासाठी पाण्याचा ग्लास घेऊन आली आणि जीप आणि भिंतीच्या मधे उभी राहून हसू लागली.

काकांचं डोकं आतच होतं. बॅटरीपासून गाडीच्या सांगाड्याला जाणारी अर्थची वायर बोल्टापाशी गंजलेली त्यांना सापडली होती. ती त्यांनी घासली, आवळली आणि त्याच झोकात स्क्रू ड्रायव्हर पुन्हा टेकवला.

इंजीन सुरूही झालं नाही. नुसत्या सेल्फच्या धक्क्याने जीप हातभर पुढे गेली. तेवढं पुरलं.

काकूचा पाय बंपर आणि भिंतीच्या मधे चिरडला, हातातला ग्लास फुटला. काका स्क्रू ड्रायव्हर हातात धरून उभेच. "काका, गिअर!" मी ओरडलो, तरी हलेनात. शेवटी मीच आत झेपावलो, दांडा न्यूट्रलला ओढला आणि जीप मागे ढकलली. असं काही आमच्या घरात, आमच्याच अंगणात होऊ शकतं, हे डोळ्यांनी बघूनही मला पटत नव्हतं.

दवाखान्यात डॉक्टर म्हणाले, पाय वाचेल, पण गुडघा वाकणार नाही. काकांनी ऐकलं की नाही कोण जाणे. स्क्रू ड्रायव्हर अजून त्यांच्या मुठीतच होता.

काकू शुद्धीवर आली. त्यांना बघून पुटपुटली, "काय हो, लागला का सेल्फ?"

"लागला. अर्थची वायर होती." मग काका हळूच म्हणाले, "मी दांडा हलवून बघितला नाही गं."

"तुमची काय चूक? गिअर मीच घातला होता," काकू म्हणाली. "हँडब्रेक नाही, मग मी तरी काय करणार?"

त्यांची समजूत काढायला ती हे म्हणाली होती. काका मटकन खाली बसले.