शब्द येईपर्यंत

पक्षाघात झाल्यापासून बाबांचे शब्द उशिरा येतात. काल दुपारी ते खिडकीपाशी बसले होते आणि पडदा वाऱ्याने हलकेच फुगत होता. आई चहा घेऊन आली, तसे ते तिच्याकडे बघून म्हणाले, "तू..." आणि अडले.

"चहा नकोय का, बाबा?" मी विचारलं. त्यांनी नाही म्हणून मान हलवली. "मग पंखा लावू?"

आईने माझ्या दंडाला हात लावला. "थांब गं जरा. त्यांना बोलू दे."

मी तिच्याकडे बघत राहिले. ज्या सकाळी बाबांचं तोंड वाकडं झालं, तेव्हा मी म्हणत होते, थोडं पडू दे त्यांना, वाटेल बरं. तिने ऐकलं नाही. अनवाणीच धावली आणि भर रस्त्यात रिक्षा अडवली. वेळेत आणलंत, असं डॉक्टर म्हणाले. तीच आई आता कप हातात धरून उभी होती, जणू सगळी दुपार तिच्या मालकीची होती.

धावायचं कधी आणि थांबायचं कधी, हे तिला कसं कळतं? तिने ते कधी ठरवलंही नसेल. ती नुसती त्यांच्याकडे बघत असते, आणि त्यांच्या चेहऱ्यावर तिला ते दिसत असावं.

उन्हाचा कवडसा फरशीवरून सरकत बाबांच्या पावलांपाशी आला. त्यांचे ओठ पुन्हा हलले.

"तू पण... बस."

आईने कप खिडकीत ठेवला आणि ती त्यांच्या शेजारी बसली.