गाईच्या डोळ्याशेजारची जखम
सीताफळाचा पाला चुरडला, की त्या उग्र वासासरशी आमच्या गाईची जखम आठवते. तेव्हा निजामाचं राज्य जाऊन थोडीच वर्षं झाली होती. मी तुळजापूरच्या कारकुनाची लेक, लग्न होऊन माकणीला आलेली, गोठ्यातसुद्धा पावडर लावून जायची. गाईच्या डोळ्याशेजारी जखम चिघळून तिच्यात अळ्या पडल्या होत्या. त्या आणखी आत गेल्या असत्या तर डोळा जाणारच होता. सासूबाई चिमट्यानं एकेक पांढरी, वळवळती अळी ओढून काढत होत्या. तोंडावर बसलेल्या माशाही त्यांना कळत नव्हत्या. मी एका हातानं दावं धरलं होतं, दुसऱ्यानं नाक, आणि तोंड भिंतीकडं. दावं सैल पडलं, गाईनं मान झटकली आणि चिमटा डोळ्याच्या कडेला घासून गेला. "नाक कुठं पळून जात न्हाय, गाय जाईल," सासूबाई वर न बघताच म्हणाल्या. "दोन्ही हातानं धर अन् हिकडं बघ." मी बघितलं आणि तिथंच ओकले. "झालं? आता धर, लई राहिल्यात." मग शेवटची अळी निघेपर्यंत मी नजर हलवली नाही, घाण वास कधी यायचा थांबला तेही कळलं नाही. पुन्हा माशा बसू नयेत म्हणून सासूबाईंनी सीताफळाचा पाला चुरडून, डोळ्याला लागू न देता जखमेत भरला. गाईचा डोळा वाचला. तरी पावडरवाल्या बाईसाहेबांनी, म्हणजे मीच, महिनाभर तिचं दूध तोंडाला लावलं नाही. अळ्या परवडल्या, आज मला जास्त किळस येते ती तेव्हाच्या त्या नाक धरणाऱ्या पोरीची.